रायटर ते पब्लिकेशन लीड: एमबीए करावं का?

तुमच्या पत्रातला मुद्दा थोडक्यात असा: एम.फार्म. झालंय, पुण्यातल्या मेडिकल कम्युनिकेशन एजन्सीत तीन वर्षं रायटर आहात, पुढे पब्लिकेशन स्ट्रॅटेजी, म्हणजे औषध-चाचण्यांचे निकाल कुठे, कधी छापायचे याची आखणी, सांभाळायची आहे. त्यासाठी नोकरी सोडून एमबीए करावं का?

नोकरी सोडू नका. ही आखणी सांभाळणाऱ्या लीडचं निम्मं काम कॅलेंडर उलटं मोजण्याचं असतं, आणि ते नोकरीतच शिकता येतं. उदाहरण म्हणून कर्करोगाच्या औषधाची एक चाचणी धरा. ‘आस्को’ या अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेची वार्षिक परिषद शिकागोत मे-जूनमध्ये भरते, पण ॲब्स्ट्रॅक्ट (निकालांचा सारांश) घेणं जानेवारीअखेरीच्या सुमारास बंद होतं. तिथून मागे या. कंपनीतलं वैद्यकीय, कायदेशीर आणि पेटंटचं रिव्ह्यू दोन आठवडे. लेखकांच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी पाच कामाचे दिवस. स्टॅटिस्टिशियनकडून टेबल्स यायला दोन-तीन आठवडे. हिशोबाने डेटाबेस लॉक (चाचणीची माहिती अंतिम करून बंद करणं) डिसेंबरच्या मध्यावर चालेल असं वाटतं. पण नाताळात परदेशी लेखक मेलला उत्तर देत नाहीत, त्यामुळे तो डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात व्हायला हवा. नवखे प्लॅन इथेच गडगडतात.

दुसरी डोकेदुखी नावांची. लेखक ठरायला आयसीएमजेईचे (वैद्यकीय जर्नलच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चारही निकष पूर्ण व्हावे लागतात: अभ्यासाच्या आखणीत, डेटात किंवा विश्लेषणात ठोस वाटा; मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्द्याची सुधारणा; अंतिम मंजुरी; आणि कामाची जबाबदारी. सबमिशनच्या तोंडावर ‘सरांचंही नाव घाला’ असा निरोप आलाच, तर नाही म्हणायला लेखी ऑथरशिप करार लागतो, मसुद्याच्या आधी सह्या झालेला. फक्त लेखनसाहाय्य करणाऱ्या रायटरचं नाव आभारात येतं, पैसे कुणी दिले त्यासकट. कंपन्यांच्या संशोधनाच्या प्रकाशनासाठीची जीपीपी 2022 ही मार्गदर्शक तत्त्वं ओळ न् ओळ वाचा.

पहिल्या जर्नलने पेपर नाकारला तर म्हणून दुसरी-तिसरी पसंती आधीच ठरवा. एकाच वेळी दोन जर्नलकडे पेपर पाठवता येत नाही.

आयएसएमपीपी या वैद्यकीय प्रकाशन व्यावसायिकांच्या संघटनेची सीएमपीपी ही प्रमाणपत्र परीक्षा अनुभवाच्या अटी तपासून द्या. त्याआधी हे करा: क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या चाचण्यांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर पूर्ण झालेली एक चाचणी निवडा, तिचे प्रायमरी-सेकंडरी एंडपॉइंट (चाचणीत मोजायचे मुख्य आणि दुय्यम परिणाम) एका रकान्यात उतरवा आणि पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीत शोधून शेजारी लिहा, कोणता निकाल कुठे, कधी छापला. रिकामे राहिलेले चौकोन, म्हणजे अजून न छापलेले निकाल, हेच गॅप ॲनालिसिस. ते पान तुमच्या लीडला दाखवा आणि पुढच्या प्लॅनिंग मीटिंगला बसू द्याल का, असं सरळ विचारा.