लघुग्रह नको, आतलं पिंप फिरवा
लघुग्रह पोखरून आत माणसांची वस्ती करायची असेल, तर अख्खा लघुग्रह गरगर फिरवून कृत्रिम गुरुत्व मिळवायचा विचार आधी डोक्यातून काढा. बेन्नू या लघुग्रहाचंच बघा. व्यास सुमारे 490 मीटर, पण एकसंध खडक नव्हेच, दगडगोट्यांचा सैल ढिगारा. 2020 मध्ये नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने नमुन्यासाठी हात टेकवला, तर तो जवळपास अर्धा मीटर आत रुतला! असलं काही जोरात फिरवलंत की उधळलंच. दगड अंतराळातल्या घातक किरणांपासून आडोसा म्हणून राहू द्या, आत वस्तीचं वेगळं पिंप फिरवा. त्रिज्या 224 मीटर असेल तर मिनिटाला 2 फेऱ्यांत पृथ्वीइतकं वजन जाणवतं. बेन्नूत ते जेमतेम मावेल, म्हणून मोठा लघुग्रह निवडा. पण सुरुवात एका हवाबंद खोलीपासून. तिची गळती आटोक्यात आली, उष्णता बाहेर अवकाशात टाकणारे रेडिएटर नीट चालले (उष्णतेचं गणित नवखे हमखास विसरतात), की मगच पुढचं खोदकाम.