मावेजा, मोबदला की नुकसानभरपाई?

प्रश्न असा आला आहे : “औरंगाबाद खंडपीठाच्या बातम्यांत ‘वाढीव मावेजा’ सारखं वाचायला मिळतं. पुण्याकडच्या बातमीत त्याच जागी ‘मोबदला’ असतो. मावेजा हे ‘मुआवजा’चं बिघडलेलं रूप आहे का? अर्जात लिहिलं तर चालेल का?”

बिघडलेलं नाही, मुरलेलं म्हणा. मूळ शब्द अरबी, आला उर्दूतून. निजामाच्या राज्यात कोर्टकचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळे बीड-परभणी-नांदेडकडे सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या पैशाला हाच शब्द तोंडी बसला. याच मुळाचे ‘ऐवज’ आणि ‘ऐवजी’ सगळा महाराष्ट्र वापरतो, ते कुणाला परके वाटत नाहीत. आणि ‘मोबदला’ तरी कुठला देशी? तोही अरबीच, ‘बदल’, ‘बदली’ यांच्या घरातला. तेव्हा मोबदला शुद्ध आणि मावेजा गावठी ही वाटणी मला अजिबात मान्य नाही.

उलट मावेजा जास्त नेमका आहे. मोबदला कामाचाही असतो. नुकसानभरपाई करार मोडला तरी मागता येते, अपघात झाला तरी. मावेजा म्हटलं की सरकारनं सक्तीनं घेतलेल्या वस्तूच्या ऐवजी मिळणारा पैसा : जमिनीचा, विहिरीचा, आंब्याच्या झाडाचा, पाइपलाइनचा. अतिवृष्टीच्या अनुदानाला मावेजा म्हणू नये. ते मदत म्हणून येतं. मावेजा हक्काचा असतो.

या ‘ऐवजी’च्या अर्थावर सर्वोच्च न्यायालयातही झुंज झाली आहे. बेला बॅनर्जी प्रकरणात १९५३ साली न्यायालयानं म्हटलं, की घटनेच्या कलम ३१ (मालमत्तेचा हक्क) मधली भरपाई म्हणजे मालकानं जे गमावलं त्याचं वाजवी समतुल्य मूल्य. सरकारला ते जड गेलं. शेवटी १९७१ च्या २५ व्या घटनादुरुस्तीनं भरपाई हा शब्दच काढून तिथं ‘रक्कम’ घातला. रकमेला समतुल्य असण्याचं बंधन नाही. एक शब्द बदलला आणि मालकाचं पारडं हलकं झालं! पुढे ४४ व्या दुरुस्तीनं कलम ३१ गेलं आणि मालमत्तेचा हक्क ३००-अ मध्ये आला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मात्र ‘वाजवी भरपाई’ थेट नावातच घेतली.

‘चौपट मावेजा’ हा बोलीतला शब्दही याच कायद्यातून निघाला. जमिनीचं बाजारमूल्य ५ लाख धरा. ग्रामीण भागात गुणक, म्हणजे बाजारमूल्याला ज्यानं गुणायचं तो आकडा, १ ते २ असतो. २ लागला तर झाले १० लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीनं घेतली म्हणून मिळणारी जादा रक्कम), म्हणजे एकूण २० लाख. गुणक १ असेल तर चौपट होत नाही, दुप्पटच होते; गावात वाद पेटतो तो इथं. झाडं, विहीर यांची किंमत दिलासा लावण्याआधी मिळवतात. बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के मिळतात ते वेगळे, त्यांची मुदत कायद्यात सांगितलेल्या अधिसूचनेपासून निवाडा (भरपाई ठरवणारा सरकारी निर्णय) किंवा ताबा यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंत.

‘वाढीव मावेजा’ म्हणजे निवाड्यातली रक्कम कमी वाटली म्हणून २०१३ च्या कायद्याच्या कलम ६४ खाली (जुन्या १८९४ च्या कायद्यात कलम १८) दाद मागून मिळालेली जास्तीची रक्कम. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त ६ आठवडे. त्याहून मोठा घोटाळा पैसे उचलताना होतो. मुकाट्यानं सही करून मावेजा उचलला, तर कलम ७७ प्रमाणे वाढीव मागण्याचा रस्ता बंद. पावतीवर सहीच्या वर हाताने लिहा : “ही रक्कम तक्रार राखून स्वीकारत आहे.” आणि त्या पावतीची झेरॉक्स ठेवा.

अर्जाबद्दल : विषयाच्या ओळीत ‘भरपाई’ आणि कलमाचा आकडा लिहावा, कारण कायद्याचा शब्द तो आहे. खालच्या मजकुरात मावेजा बेलाशक लिहा; आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कुठल्याही टेबलावर त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.