विचारा की! : कलामची भावकी कोण?

मागच्या अंकात जागा उरली म्हणून न्यू गिनीच्या (ऑस्ट्रेलियाच्या वरचं मोठं बेट) डोंगरातल्या कलाम भाषेवर चार ओळी टाकल्या होत्या, त्यावर एवढे मेसेज आले की ह्या वेळचा सगळा कॉलम तिलाच देऊन टाकलाय. जमिनीचा उतारा आणि रेशन कार्डवाले प्रश्न पुढच्या महिन्यात घेतो, रागवू नका.

प्रश्न : सर, कलाम भाषेचं आपल्या अब्दुल कलामसाहेबांशी काही कनेक्शन आहे का? आणि ती बोलतात कुठं नक्की? (एक विद्यार्थी, खानापूर)

काही कनेक्शन नाही बाळा, नुसता योगायोग. पापुआ न्यू गिनीत मदांग म्हणून प्रांत आहे, त्याच्या आतल्या बाजूला बिस्मार्क आणि श्रेडर अशा डोंगररांगा, तिथं सिंबाई, कैरोंक ही खोरी, तिथले पंधरा-वीस हजार लोक ही भाषा बोलतात. जुन्या लेखांत 'करम' असं दिसेल, तेच हे. कोबोन ही तिची सख्खी बहीण, शेजारच्याच डोंगरात. घर एवढंसंच, पण त्या एका देशात ८०० च्या वर भाषा आहेत हे लक्षात घे. आणि 'पापुअन' हे काही ह्या सगळ्यांचं आडनाव नव्हे, त्या भागातल्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन (मलाय, फिलिपिनो वगैरेंच्या) कुळात बसत नाहीत त्या सगळ्यांवर चिकटवलेलं लेबल आहे, म्हणजे जत्रेत हरवलेली पोरं एका मांडवात बसवतात तसं.

एक गंमत सांगतो. कलाममध्ये बोलीला 'मनम' म्हणतात पण लिहिताना नुसती तीन व्यंजनं, मधले स्वर लिहायचेच नाहीत, बोलताना आपोआप येतात, साधारण 'मिनिम' असं काहीतरी. इंग्रजी लिपीत mnm असं बघितलं की वाटतं टायपिंग चुकलंय.

प्रश्न : आमच्या सासूबाई कन्नड, मी मराठी, पोरं दोन्ही एकाच वाक्यात बोलतात. मुलगा म्हणतो मराठी आणि कन्नड बहिणीच आहेत. खरं का? आणि त्या डोंगरात जुनी पोथी नाही की शिलालेख नाही, मग कुठली भाषा कुणाच्या नात्यातली हे ठरवतात कसं? (एक गृहिणी, निपाणी)

ताई, आधी एक कलाम वाक्य ऐका. अँड्र्यू पॉली नावाचे भाषातज्ज्ञ १९६३ पासून ह्या भाषेच्या मागं होते, त्यांनी दिलेलं आहे : 'ब अक अम मोन पक द अप अयाक'. ब माणूस, अक तो, अम जा, मोन लाकूड, पक मार, द घे, अप ये, अयाक ठेवलं. आता तुमच्या सासूबाईंना विचारा, त्या म्हणतील 'होगी कट्टिगी कडदु तगोंडु बंदु इट्ट', आणि तुम्ही म्हणाल जाऊन लाकडं फोडून घेऊन येऊन ठेवली. बसलं की नाही एकावर एक? फरक एवढाच की आपण प्रत्येक ठिकाणी 'ऊन' लावतो, ते नुसते धातू मण्यासारखे ओवत जातात. त्यांच्याकडं धातूच मुळात शंभर-सव्वाशे, त्यातले पंधराएक दिवसभराचं बहुतेक काम भागवतात. बघणे, ऐकणे, कळणे ह्याला मिळून एकच धातू 'नङ', पुढं डोळा लावला की बघणे, कान लावला की ऐकणे. मला तर हे लई आवडलं.

मग काय, कलाम, कन्नड आणि मराठी तिघी बहिणी झाल्या? नाही ना. वाक्याची ठेवण सारखी असणं म्हणजे दोन घरांच्या अंगणात एकच रांगोळी, शेजारणीकडं बघून पण काढता येते. मराठी-कन्नडचं तसंच झालंय, शेकडो वर्षं एका बांधावर राहून वाक्यं एका साच्यातली झालीत. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये तर गंपर्झ आणि विल्सन ह्या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवून दिलं की तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं शब्द आपापले ठेवतात पण वाक्यं जवळजवळ एकाच सापळ्यावर रचतात. शब्द पण इकडून तिकडं जातातच, अक्का, अण्णा, अडकित्ता हे आपल्याकडं कन्नडमधूनच आलेत. त्यामुळं सारखेपणा मोजून नातं काढायला बसलात तर फसाल.

नातं बघायचं तर असले शब्द घ्यायचे जे सहसा कुणी उसने आणत नाही. उदाहरणार्थ ऊ. हसू नका, डोक्यातली ऊच. मराठीत ऊ, हिंदीत जूं, संस्कृतात यूका, हे एक घर. कन्नडमध्ये हेनु, तमिळमध्ये पेन, हे दुसरं घर. आता हेनु आणि पेन दिसायला वेगळे, पण कन्नड हालु (दूध) तिथं तमिळ पाल, कन्नड हुली (वाघ) तिथं तमिळ पुली, म्हणजे कन्नडचा ह तिथं तमिळचा प, दर वेळी. हा जो 'दर वेळी' आहे ना, तो खरा पुरावा. एकदा जुळलं तर योगायोग म्हणता येतं, ओळीनं जुळत गेलं की भावकी. न्यू गिनीत पण हेच करतात, तिथल्या मोठ्या ट्रान्स-न्यू गिनी कुळाची जी जुनी मूळ भाषा मांडलीय तिच्यात ऊ ह्या अर्थी 'निमन' हा शब्द बसवलाय. पोथी लागत नाही, ऊ पुरते.

दुसरा पुरावा मी-तू-तो चा. त्या मोठ्या कुळात 'मी' ला मूळ 'न' आणि 'तू' ला 'ग' असं माल्कम रॉस ह्या भाषातज्ज्ञांनी मांडलं. पण त्याच कुळाच्या मदांग नावाच्या फांदीतल्या भाषांत मी 'य', तू 'न', तो 'नु', सगळी खुर्चीपालट. कलाममध्ये काय आहे? यद, नद, नुक. म्हणजे डोंगरात राहून सुद्धा कलामचं घराणं मदांगकडचं, खाली किनाऱ्यापर्यंत तिचे भाऊबंद पसरलेत. (आता कुणीतरी लिहिणार की कन्नडमध्ये 'ना' म्हणजे मी, न्यू गिनीत पण मी 'न', मग संबंध असणार. नाही. एका अक्षरावर सोयरीक जमत नसते.)

आणि तज्ज्ञ पण चुकतात बरं का. गांट्स म्हणून एक भाषा कलामच्या शेजारी आहे, बरीच वर्षं ती कलामच्याच घरातली धरायचे, शेवटी २०१६ साली कसून तपासल्यावर निघालं की ती सोगेराम नावाच्या दुसऱ्या घरातली आहे. ते घर पण मदांगमधलंच, म्हणजे सख्खी समजलेली चुलत निघाली. तुमच्या मुलाला सांगा, त्याची चूक एवढी काही मोठी नाही, पण मराठी आणि कन्नड चुलत सुद्धा नाहीत, शेजारणी आहेत.

प्रश्न : मग बेळगाव कुणाचं? (अनेक वाचक)

ह्या कॉलमात ऊ पर्यंतच उत्तरं मिळतात.

प्रश्न : तिथले लोक आकडे कसे मोजतात? आमच्या दुकानात एक आजोबा अजून बोटाच्या पेरांवर हिशोब करतात. (किराणा दुकानदार, शहापूर)

आजोबांना सांगा, कोबोनवाले अख्ख्या अंगावर करतात. डाव्या करंगळीला १, अंगठा ५, मनगट ६, मग हात, कोपर, दंड करत खांदा १०, गळ्याचं हाड ११, गळ्याखालची खळगी १२, तिथून पलीकडच्या बाजूनं उतरत उजवी करंगळी २३. अवयवाचं नाव हाच आकडा. उधारी २३ च्या वर गेली की परत सुरुवात करायची.

प्रश्न : आमची आजी रात्री साप म्हणू देत नाही, लांबडं म्हण म्हणते. हे अडाणीपण फक्त आपल्याकडंच का? (खानापूर तालुका)

अडाणीपण म्हणू नका, तुमच्या जंगलात रात्री कंदील घेऊन परसाकडं जाणाऱ्या बाईला विचारा. आणि आपण तरी काय, दुकान बंद करत नाही, वाढवतो, बांगडी फुटत नाही, वाढते, घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो.

कलाम लोकांनी तर अख्खी भाषाच बदललीय. डोंगरात केवड्याच्या जातीचं एक झाड येतं, त्याच्या कणसातले दाणे खातात, 'अलङव' म्हणतात त्याला. ते गोळा करायला रानात गेले की रोजचे शब्द बंद, 'अलङव मनम' चालू. शब्द जवळपास सगळे वेगळे, व्याकरण मात्र तेच. रोजचं बोललं तर दाणे खराब निघतात अशी समजूत. कॅसोवरी म्हणजे तो न उडणारा मोठा पक्षी, त्याचं मांस खाताना पण हीच भाषा. आणि हो, कॅसोवरीला ते पक्षी धरतच नाहीत, उडणाऱ्या पाखरांचा 'यक्त' हा गट, त्यात वटवाघूळ बसतं पण कॅसोवरी नाही. राल्फ बल्मर ह्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये ह्या एकाच प्रश्नावर आख्खा लेख लिहिला, आणि पुढं १९७७ ला साएम माजनेप ह्या कलाम माणसाबरोबर मिळून तिथल्या पक्ष्यांवर पुस्तकच काढलं.

प्रश्न : कलाममध्ये पण बेळगावी, कोल्हापुरी असले प्रकार आहेत का? (कॉलेज विद्यार्थिनी, बेळगाव)

आहेत, मोठे दोन, आणि नावं लई भारी. एक 'एत्प मनम', दुसरी 'ती मनम'. एत्प म्हणजे 'काय', आणि ती म्हणजे पण 'काय'. जिकडं 'काय' ला एत्प म्हणतात ती एत्प बोली, जिकडं 'ती' म्हणतात ती 'ती' बोली. आपल्याकडं अशी नावं ठेवायची झाली तर तुमची माझी 'काय करूलालास बोली' होईल, कोल्हापूरवाले ऐकून आत्ताच हसूलालेत.