रविवारी दवाखाना बंद, डॉक्टर लेक्चरला

या महिन्याच्या टपालात चार पत्रं जवळजवळ एकाच विषयाची निघाली, डॉक्टरांच्या लेक्चरची म्हणजे सीएमईची (पदवीनंतरही चालू ठेवायचं शिक्षण). म्हणून यावेळी गुडघेदुखीवाल्यांनी जरा थांबा, तुमचं पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: मॅडम नमस्कार. आमचे फॅमिली डॉक्टर महिन्यातून एखादा रविवार दवाखाना बंद ठेवतात, दारावर पाटी ‘सीएमईसाठी बाहेर’. मागच्या वेळी नेमका त्याच दिवशी आईला १०२ ताप, आम्ही गावभर फिरलो. नंतर कळलं की लेक्चर एका हॉटेलात होतं आणि जेवण औषध कंपनीचं. हा अभ्यास आहे की पार्टी? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर: दोन्ही असतं, खोटं कशाला बोलू. पण अभ्यास का लागतो ते आधी सांगते. तुम्हाला आठवत असेल, कुत्रा चावला की पोटात १४ इंजेक्शनं. मी शिकले तेव्हा तेच होतं, परीक्षेत तेच लिहून पास झाले. ती जुनी लस भारतात २००४ नंतर बंदच झाली. आता लस दंडात, त्वचेत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि रक्त आलेली जखम असेल तर जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) वेगळं द्यायचं, त्याआधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं. हे मला कॉलेजने नाही शिकवलं, अशाच एका रविवारच्या लेक्चरला कळलं. आजही पेशंट आत आला की पहिला प्रश्न, पोटात १४ घ्यावी लागतील का हो. लोकांच्या डोक्यातून जात नाही, तसं डॉक्टरच्या डोक्यातूनही आपोआप जात नाही.

शिवाय हा हौसेचा मामला नाही. डॉक्टरांच्या वर्तनाच्या २००२ च्या नियमावलीत पाच वर्षांत ३० तासांचं शिक्षण सांगितलंय, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करताना ३० क्रेडिट पॉइंट (अशा लेक्चरांना मिळणारे गुण) दाखवावे लागतात. मान्यता असलेल्या लेक्चरला कौन्सिलचा ऑब्झर्व्हर येऊन बसतो, सही करून पळालात असं चालत नाही (निदान चालायला नको).

आता जेवणाचं. कंपनीच्या पैशाचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरंच झालं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता काढली, त्यात डॉक्टरला किंवा घरच्यांना भेटवस्तू नाही, स्पीकर नसलेल्या डॉक्टरला प्रवास-हॉटेल नाही, परदेशात सीएमई तर नाहीच नाही. कागदावर छान आहे. माझं मत विचाराल तर पनीरच्या भाजीने डॉक्टर विकला जात नाही, पण त्या भाजीच्या आधी ४० मिनिटं एकाच ब्रँडच्या गोळीचं गुणगान ऐकलं असेल तर सोमवारी हात त्याच नावाकडे जातो आणि ते त्याला स्वतःलाही कळत नाही. म्हणून मी पहिल्या स्लाइडवर कंपनीचा लोगो दिसला की पेन खाली ठेवते.

आईच्या तापाबद्दल मात्र चूक डॉक्टरांची. पाटी लावली तर तिच्याखाली त्या दिवशी कोण बघणार त्या डॉक्टरचं नाव आणि फोन हवाच. तसं त्यांना सांगा, राग येणार नाही.

प्रश्न: मॅडम, मी एमबीबीएस झाले, तालुक्याच्या गावी दोन वर्षं प्रॅक्टिस करतेय. लेक्चरला गेलं की स्पीकर मोठ्या शहरातले सुपरस्पेशालिस्ट, विषय रोबोटिक सर्जरी नाहीतर हृदयाची झडप पायातून बसवणे. माझ्या ओपीडीत खोकला, खाज, शुगर आणि ‘अंगात कसंतरी होतंय’. खरं सांगते, झोप येते. फक्त पॉइंटसाठी जाते. मी चुकतेय का? (एक तरुण डॉक्टर, जि. गोंदिया)

उत्तर: अगं, मीही झोपलेय, त्यात पहिल्या रांगेत. लेक्चरांमुळे डॉक्टरांच्या वागण्यात किती फरक पडतो यावर जगभरचे अभ्यास एकत्र करून बघितलेत, फरक निघतो साधारण ६ टक्क्यांच्या आसपास. नुसतं भाषण असेल तर कमी, चर्चा-प्रात्यक्षिक मिसळलं तर जास्त. म्हणजे दोष तुझ्या झोपेचा नाही.

मी काय करते ते सांगते. जाताना एका चिठ्ठीवर माझा एकच अडलेला पेशंट लिहून नेते, वय, तक्रार, काय दिलं, का फसलं. मग स्पीकरना जेवणाच्या रांगेत गाठायचं. स्टेजवर तोलूनमापून बोलणारा माणूस हातात ताट आलं की मोकळा होतो, ‘मी पण असाच एकदा फसलो होतो’ असं म्हणाला की समज खरं लेक्चर आता सुरू झालं. माझे निम्मे धडे भाताच्या पातेल्याशेजारी झालेत.

आणि खेड्यातल्या डॉक्टरने फक्त ऐकायचं असतं हे डोक्यातून काढ. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठव. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, कोकणातला लाल विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत जायची, घाम सुटायचा, हातपाय गार, फुप्फुसात पाणी. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपलं, १९८२ मध्ये लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली आणि आता हा उपचार देशभर शिकवला जातो. त्या विषयातलं लेक्चर आरोग्य केंद्रातून शहराकडे गेलं. तुझ्या ‘अंगात कसंतरी’वाल्यांची वही ठेव.

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या डॉक्टर असोसिएशनचा मी सेक्रेटरी. वक्ता ८० स्लाइड घेऊन येतो, हॉलमध्ये १५ जण, जेवणाला ६०. काय करावं? (एक त्रस्त सेक्रेटरी)

उत्तर: साहेब, जेवण आधी ठेवायचा विचार करू नका, मग १५ पण राहणार नाहीत.

आमच्याकडे एकदा एका फिजिशियनने प्रोजेक्टर लावलाच नाही. ब्लडप्रेशरची मशिनं आणली आणि म्हणाले शेजारच्याचं मोजा, आकडा कागदावर लिहा. सगळे हसले, एमबीबीएसच्या पोरांचं काम देताय म्हणून. कागद गोळा झाले तर बहुतेकांचे आकडे शून्यावर संपणारे, १३०/८०, १४०/९०, म्हणजे अंदाजाने गोल केलेले. पाच मिनिटं शांत बसवलं कुणीच नव्हतं, हात अधांतरी, दोघांनी शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधलेला, आणि आमच्या एका जाड दंडाच्या मित्राला नेहमीचा लहान पट्टा लावल्याने तो चांगलाच हायपरटेन्सिव्ह (जास्त बीपीवाला) निघाला, मोठा पट्टा लावल्यावर नॉर्मल. हॉल गप्प. मी दुसऱ्या दिवशी मोठा पट्टा मागवला आणि ओपीडीत पाठीला टेका असलेली खुर्ची ठेवली, स्टूल बाहेर. २५ वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर हो.

तुमच्याकडे शेती आहे, तर पावसाळ्याआधी सर्पदंशाचं असंच करा. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी प्रत्यक्ष करून दाखवायला लावा, दोन मिली रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, प्लास्टिकची चालत नाही आणि डिटर्जंटने धुतलेली तर अजिबात नाही, २० मिनिटं हलवायची नाही, मग तिरकी करून रक्त गोठलंय का ते बघायचं. ती २० मिनिटं सगळे नळीकडे बघत बसतात, तेवढ्यात प्रश्न आपोआप निघतात. वक्ता तालुका हॉस्पिटलचाच बोलवा, ज्याने या मोसमात पेशंट बघितलेत. आणि वेळेवर सुरू करा, ‘मान्यवर येत आहेत’ असं म्हणत पाऊण तास काढला की माणसं दारातूनच परत जातात.

प्रश्न: आमचे डॉक्टर मुलाच्या सर्दीला आधी लगेच अँटिबायोटिक द्यायचे, आता देत नाहीत, म्हणतात नवीन शिकून आलोय, गरज नसते. मागच्या महिन्यात दोन दिवस थांबलो, मग दुसरीकडे नेलं, तिथे लगेच दिलं आणि पोरगा बरा झाला. कोण बरोबर? (एक आई, ठाणे)

उत्तर: पहिले. सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची असते, अँटिबायोटिकने व्हायरस मरत नाही, पोरगा बरा होणारच होता, श्रेय बाटलीला गेलं. आणि बघा ना, ते डॉक्टर रविवार घालवून शिकले, सोमवारी तसं वागले आणि मंगळवारी तुम्ही निघून गेलात! दोन-चार पेशंट असे गेले की डॉक्टर जुन्या सवयीवर येतो, मग कितीही लेक्चरं ऐकू दे.

थांबायचं कधी नाही ते लक्षात ठेवा. श्वास भराभर चालतोय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पाणीसुद्धा पीत नाही, खूप सुस्त आहे, कान दुखतोय किंवा ताप तीन दिवस उतरत नाही, तर ताबडतोब दाखवा. बाकी परत त्यांच्याकडेच जा. आणि त्या औषधाची उरलेली बाटली ‘पुढच्या सर्दीला’ म्हणून फ्रिजच्या दारात ठेवली असणार, मला माहितीये, ती आज टाकून द्या.