सांधा आखताना आधी एवढंच बघ

मॉडेल रेल्वेसाठी गोव्यातलं कुळ्याचं रेल्वे यार्ड निवडलंस, छान केलंस. रूळ आखायच्या सॉफ्टवेअरमधल्या सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) सगळ्या आकड्यांना मात्र आत्ताच हात लावू नकोस.

आधी प्रमाण आणि गेज पक्कं कर. एचओ हे मॉडेलचं प्रमाण म्हणजे 1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. आपलं 1676 मिमीचं ब्रॉडगेज या प्रमाणात 19 मिमीच्या थोडं वर जातं, पण विकत मिळणारी एचओची इंजिनं 16.5 वर धावतात, तेच ठेव. गेज मागाहून बदललंस तर प्रत्येक सांधा पुन्हा तपासावा लागेल.

मग क्रॉसिंगचा, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथला कोन. 1:4 म्हणजे चार पुढे गेल्यावर एक बाजूला; दुसरा आकडा मोठा तितका सांधा लांब आणि वळण सौम्य. नवीन माणूस बहुतेक इथेच चुकतो: जागा वाचवायला 1:4 घेतो आणि लांब डबे सांध्यावर घसरतात. आपल्या रेल्वेत 1:8.5 आणि 1:12 सर्रास दिसतात. तू 1:6 पासून सुरू कर, मुख्य मार्गावर जमलं तर 1:8. जागा पुरत नसेल तर एक लाईन कमी कर बाबा, पण सांधा आखूड करू नकोस.

बाकीचे आकडे आहेत तसे राहू देत. सांध्याचा आराखडा कागदावर छापताना मात्र:

- 100 टक्के मापातच छाप, पानात बसवायचा पर्याय बंद ठेव.
- पट्टीने गेज मोजल्याशिवाय कागद फळीवर चिकटवू नकोस. गोव्याच्या पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो, तेव्हा मोजणी चिकटवायच्या दिवशीच कर.