कोल्हापुरात पावसाळ्याआधी गाडीचे टायर बदलावे लागतात का?

नाही, पावसाळा आला म्हणून चांगले टायर बदलायची गरज नाही. पण नक्षी किती उरलीय ते मे महिन्यातच बघा. थंडीत साधं रबर कडक होऊन पकड सोडतं, म्हणून बर्फाच्या देशांत हिवाळी टायर घालतात. आपल्याकडं तो प्रश्नच नाही. टायरच्या खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे खोली १.६ मिमी उरली, की टायर बाद. गगनबावडा किंवा आंबा घाटात जाणं-येणं असेल तर मी म्हणेन, ३ मिमीलाच बदला. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही, गाडी पाण्यावर तरंगते आणि ब्रेक दाबूनही थांबत नाही. पावसात हवा कमी ठेवा असं बरेचजण सांगतात, ते ऐकू नका. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडाच धरा, तोही टायर थंड असताना. फक्त एक, नक्षी भरपूर असली तरी टायर जुना असू शकतो. बाजूवर २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर बदलाच. स्टेपनीही बघा.