ब्रोशरमधली इको निवास संहिता आणि शेवटच्या मजल्यावरचा मे महिना

नागपूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ताबा ऑक्टोबर २०२२ चा. ब्रोशरमध्ये ‘इको निवास संहितेनुसार बांधकाम, खिडक्यांना दुहेरी काच, स्लॅबवर उष्णतारोधक थर’ असं छापलं होतं. प्रत्यक्षात मे महिन्यात रात्री अकरालाही छत भट्टीसारखं तापलेलं असतं. बिल्डर म्हणतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय, विषय संपला. दिल्लीच्या ऊर्जा दक्षता ब्युरोकडे तक्रार करू का?

दिल्लीला अर्ज पाठवायला कुणी अडवणार नाही, पण तुमच्या पदरात काही पडणार नाही. उलट थोडं अंगावरच यायचं.

मूळ कायदा ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१. ब्युरो संहिता, म्हणजे इमारतीत ऊर्जा वाचवण्याचे बांधकाम-नियम, तयार करतो, केंद्र ती ठरवतं आणि कलम १५ खाली राज्य आपल्या हवामानाप्रमाणे तिच्यात फेरफार करून अधिसूचना काढू शकतं. २००७ ची पहिली संहिता व्यापारी इमारतींसाठी होती. २०१७ मध्ये ती सुधारली. घरांची इको निवास संहिता आली डिसेंबर २०१८ मध्ये. पण कायद्यातल्या ‘इमारत’ या व्याख्येत राहती घरं आली ती २०२२ च्या दुरुस्तीने, आणि ती लागू झाली १ जानेवारी २०२३ पासून. तुमचा ताबा त्याच्या तीन महिने आधीचा. शिवाय ती व्याख्या साधारणपणे १०० किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा एकूण भार) किंवा १२० केव्हीए करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) याच्या वरच्या इमारतींपुरती, आणि तीही नियम अधिसूचित झाल्यानंतरची. एवढे ‘जर’ आणि ‘तर’ ओलांडून उभी राहणारी केस मी घेणार नाही.

दुसरी गंमत बघा. कलम १५ प्रमाणे संहिता पाळण्याचा आदेश द्यायचा तो इमारतीच्या मालकाला किंवा वापरणाऱ्याला. बिल्डर हा शब्द तिथे नाही. आज मालक कोण? तुम्ही आणि तुमचे शेजारी! कलम २६ चा १० लाखांपर्यंतचा दंडही सरकारजमा होतो, त्यातला रुपया तुम्हाला मिळत नाही.

मग संहिता निरुपयोगी का? नाही. कायदा म्हणून ती बिल्डरवर लागू नसेल, पण त्याने ती स्वतःहून छापली आणि तुम्ही त्यावर विसंबून पैसे भरले. आता ती त्याच्या शब्दाची मोजपट्टी झाली. रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर भरवसा ठेवून नुकसान झालं तर भरपाई मागता येते. कलम १४(३) त्याहून कामाचं: ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला किंवा करारातल्या जबाबदारीतला दोष दाखवला, तर बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने तो दूर करायचा. भोगवटा प्रमाणपत्राने ही जबाबदारी संपत नाही. तुमची मुदत ऑक्टोबर २०२७ ला संपते.

मोजपट्टी काय म्हणते? भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला १५ वॉटच्या आत. छताचं यू-मूल्य, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप, जास्तीत जास्त १.२; जितकं कमी तितकं चांगलं. नागपूरसारख्या संमिश्र हवामानात उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र चटई क्षेत्राच्या निदान १२.५ टक्के. इथे एक मेख आहे: दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचा निम्माच भाग मोजला जातो, आणि बिल्डर लोक सहसा अख्खी चौकट मोजून दाखवतात.

काचेसाठी आज रात्रीच एक करा. दिवे मालवून मोबाइलची टॉर्च काचेजवळ धरा आणि तिरकं बघा. दुहेरी काचेत प्रतिबिंबांच्या दोन जोड्या दिसतात, एकेरीत एकच जोडी. फोटो काढून ठेवा. हा कोर्टातला पुरावा नव्हे, पण तज्ज्ञाला बोलवायचं की नाही हे त्यातून कळतं.

छताचं मात्र स्वतः काही करू नका. ब्रिकबॅट कोब्याखाली (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थराखाली) उष्णतारोधक थर आहे की नाही हे बघायला कुणी मिस्त्री बोलावून छिन्नी चालवली, की पावसाळ्यात गळतीचं खापर तुमच्यावर फुटेल. गच्ची सगळ्यांची आहे. आधी सोसायटीची लेखी संमती घ्या आणि पात्र आर्किटेक्टकडून तपासणी व अहवाल करवून घ्या.

ब्रोशरची मूळ प्रत जपा. करारनाम्याचं साहित्याचं परिशिष्ट वाचा: ‘दुहेरी काच’ तिथेही असेल तर तुमचं पारडं फार जड आहे. नसेल तर कलम १२ वर जास्त भिस्त ठेवावी लागेल. महारेराच्या, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं मिळतात. बांधकाम परवानगीची फाइल तिथे नसेल तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात मागा; परवानगीतच ऊर्जेबाबतची अट सापडली तर दुधात साखर.

मग बिल्डरला लेखी नोटीस द्या, पोच घ्या आणि ३० दिवस थांबा. दाद दोन प्रकारची असते: दुरुस्तीचा आदेश महारेरा देतं, तर नुकसानभरपाई महारेराच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे रेराच्या कलम ७१ खाली मागायची. दोन्ही एकाच अर्जात कोंबू नका. नुकसान दाखवायला विजेची बिलं २०२३ च्या उन्हाळ्यापासूनची काढून ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची, तो देत असेल तर, सोबत लावा.